गुलाबीची पहिली छटा

सोमवार, ४ मार्च
काकड्यांच्या बरण्या भरणाऱ्या कारखानदाराचा फोन. "वहिनी, बरण्यांना बुरशी धरलीय! तुमचं व्हिनेगर पाणचट आहे." मी ताडकन म्हटलं, "आमचे सासरे स्वतः तपासतात!"

मंगळवार, ५ मार्च
बाबांनी सकाळीच पुन्हा तपासायला घेतलं. मी मुद्दाम शेजारी बसले. फ्लास्कमध्ये व्हिनेगर, त्यात रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब, वरून ब्यूरेटच्या, म्हणजे तोटीच्या काचनळीतून कॉस्टिक सोडा – थेंब थेंब. फिकट गुलाबी छटा आली आणि टिकली की थांबायचं. किती सोडा लागला त्यावरून आम्ल किती ते कळतं. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनीच शिकवलं. सुनेला स्वयंपाकघराआधी प्रयोगशाळा दाखवणारे सासरे!

छटा आली. टिकली. बाबांचा हात थांबेना. फ्लास्क पार राणी रंगाचा झाला तेव्हा म्हणाले, "हां! आत्ता कुठे आली बघ."

सोडा जास्त गेला की आम्ल जास्त वाटणार. मग बाबा त्या हिशोबाने पाणी वाढवणार. काकडीवाला खरं बोलत होता!

सांगायला जीभ उचलली नाही.

बुधवार, ६ मार्च
यांना सांगितलं. "तूच बोल. माझं कुठे ऐकतात? तुझंच ऐकतात." झाले मोकळे!

गुरुवार, ७ मार्च
आज बोलले. म्हणजे – छटा दिसल्याबरोबर त्यांचा हातच धरला. "बाबा, थांबा. झालं."
"कुठे? पाण्यासारखं तर आहे."
फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरून निरखत बसले. मला वाटलं, आता चिडणार.
"त्याला फोन लाव. माल परत घेतो म्हणावं. चूक माझी."
फोन झाल्यावर ब्यूरेट माझ्यापुढे सरकवली. "आता हे तुझं. बिचकू नकोस हं. मी बसतोच शेजारी."
धीर कोणी कोणाला द्यायचा!

शनिवार, ९ मार्च
डॉक्टर म्हणाले – मोतीबिंदू, चांगलाच पिकलाय. बाबा त्यांनाच म्हणतात, "व्हिनेगर मुरवता मुरवता डोळेही मुरले!" डॉक्टर हसले. बाहेर येताना मात्र बाबांनी माझा दंड घट्ट धरला होता.

बुधवार, २० मार्च
ऑपरेशननंतरची बाबांची पट्टी काढली. माझ्याकडे एकटक बघत राहिले. मग हळूच –
"पोरी, तुझे केस कधी गं पांढरे झाले?"