टाकीतलं दूध

उद्यमनगर, कोल्हापूर

प्रिय शांभवीस,

अप्पाचा आशीर्वाद. अक्षर ओळखून पत्र बाजूला ठेवू नकोस, निदान पहिलं पान तरी वाच. तीन वर्षं झाली, तू माझ्याशी बोलत नाहीस. फोन करतेस तो तुझ्या आईला, अव्वाला, आणि मी जवळ आलो की तिचा आवाज खाली जातो हे मला कळतं. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तू वर्कशॉप चालवायला मागितलंस आणि मी ते पुतण्याच्या, शिवशरणच्या नावावर केलं. वर सगळ्या भाऊबंदांसमोर बोललो, की लेथवर उभं राहायला मनगट लागतंय, पोरीनं कागदावर रेघा माराव्यात. तू चप्पल घातलीस आणि पुण्याला गेलीस, ती गेलीसच.

तर तू जिथं यंत्रांची ड्रॉइंग काढतेस त्या कंपनीचं कॉफीचं यंत्र गेल्या महिन्यात आलं. खोक्यावर नाव फक्त अव्वाचं. मी मुद्दाम लांब बसलो, पण डोळे थोडेच लांब राहतात? अव्वानं मागच्या टाकीत पाणी भरलं, कॉफीची ती एवढीशी सीलबंद डबी, कॅप्सूल म्हणता ना तुम्ही, ती वरच्या खाचेत टाकली, दांडा खाली ओढला आणि बटण दाबलं. घुर्र आवाज झाला आणि अर्ध्या मिनिटात कप भरला. वर सोनेरी फेस, आणि वास पार जिन्यापर्यंत. पातेलं नाही, गाळणं नाही, ओट्यावर एक थेंब नाही. बेचाळीस वर्षं यंत्रांत काढलेला माणूस मी, पण खरं सांगतो, बघतच राहिलो. अव्वानं वळून बघितलं तसा पेपर तोंडासमोर धरला. तो उलटा होता असं ती म्हणते. तिच्यावर विश्वास ठेवू नकोस.

आठवडाभर मी यंत्राला शिवलो नाही. अव्वा रोज चार वाजता कप घेऊन खिडकीत बसायची आणि मला विचारायचीसुद्धा नाही. शेवटी एका सकाळी ती देवळात गेली होती, आणि मी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरून आणलेलं म्हशीचं धारोष्ण दूध तापवून निवत ठेवलं होतं. मनात म्हटलं, पाण्याची कॉफी म्हणजे नुसता काढा. घरात असं दूध असताना पाणी कशाला? आपल्याकडे पाहुण्याला तरी कुणी पाण्याची कॉफी देतं का? टाकीतलं पाणी ओतून टाकलं आणि तिच्यात सायीसकट अर्धा लिटर दूध घातलं. बटण दाबलं. यंत्र थोडं गुरगुरलं, चार थेंब पडले आणि बंद. वर तो लाल दिवा माझ्याकडे बघून डोळे मिचकावायला लागला.

तेवढ्यात अव्वा आली. चूक माझी, हे मला कळत होतं. पण तुझ्या बापाची जीभ तुला माहीत आहे. म्हटलं, पोरींनी कागदावर काढलेल्या यंत्रांचं ह्ये असंच हुतंय. तिनं हातातलं ताट ओट्यावर आपटलं. म्हणाली, “यंत्राला काय बी झालं न्हाय, तुमच्या डोस्क्याला झालंय. एवढा गर्व हाय तर उघडा की. बघा तरी, पोरगीनं आत काय केलंय ते!”

मग मी उघडलं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा लावला, आणि पहिल्यापासून थक्क व्हायला लागलो. हल्लीची घरगुती यंत्रं नुसती चिकटवलेली असतात, बिघडली की फेका. ह्याचे स्क्रू साधे, आणि सगळे खालून, एकाच स्क्रूड्रायव्हरनं सुटणारे. दुरुस्त करणाऱ्याचा कुणीतरी विचार केला होता. पंप निघाला तो पेरूएवढा. आपल्या कॉम्प्रेसरला आठ बार दाब चढला की मी दोन पावलं मागं सरकतो, आणि हा पेरू ओट्यावर बसून पंधराच्या वर दाब काढतो, शेजारी ठेवलेली बशीसुद्धा हलत नाही! मी तो हातात घेऊन किती वेळ बसलो कुणास ठाऊक. मग आतल्या बाजूनं बोट फिरवलं. जिथं गिऱ्हाईकाचा हात सात जन्मांत जाणार नाही, तिथल्यासुद्धा कडा गोल केलेल्या. कुठं बोटाला लागलं नाही. असं काम बघितलं की मला बनवणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं, हे तुला ठाऊक आहे.

टाकीच्या तोंडाशी एक बारीक जाळी होती. दोन बोटांनी उचलली की बाहेर. सगळी साय तिथं अडकून बसली होती, पंपापर्यंत दूध जेमतेम चमचाभर गेलं असेल. जाळी नळाखाली धुतली, दोन टाक्या साधं पाणी फिरवलं, यंत्र पहिल्यासारखं सुरू. मी अव्वाला म्हटलं, ही जाळी ज्यानं बसवली त्याला अक्कल आहे, पाण्याला एवढ्या बारीक जाळीची गरज नसते. ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, “शांभवीनं बसिवलीय ती. हापिसात भांडून. सगळी हसाय लागली, टाकीत दूध कोण घालतंय म्हणून. ती म्हणाली, आमचं अप्पा घालत्यात.”

शांभवी, मी तिथं त्या पसाऱ्यात बसल्या बसल्या रडलो. तू ज्या बापाशी बोलत नव्हतीस, त्याची चूक आधीच ओळखून तिला जागा करून ठेवलीस. मी आयुष्यात हजारो पार्ट काढले, पण ज्याच्यावर राग आहे त्याच्यासाठी एक वॉशरसुद्धा काढलेला नाही.

त्यानंतर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मंगळवारी एसटी पकडली आणि इचलकरंजीला आपले जुने गिऱ्हाईक फक्रुद्दीनभाई, त्यांच्या लूमच्या कारखान्यात गेलो. ते आता बसूनच असतात, लूम मुलगा बघतो. तू अकरावीत असताना त्यांच्या लूमसाठी पितळेचे चाळीस बुश, दांड्यावर चढणारी ती छोटी नळकांडी, द्यायचे होते, शिवशरण तापानं झोपला होता आणि मी लग्नाला गडहिंग्लजला गेलो होतो. परत आलो तर बुश तयार. फक्रुद्दीनभाईंनी एकेक दांड्यावर चढवून बघितला, खूश झाले, कारागीर कोण म्हणून विचारलं. तू दारात उभी होतीस. मी म्हटलं, आमचा शिवशरण. वर्कशॉप त्याला देतानाही मी सगळ्यांना तेच चाळीस बुश त्याचे म्हणून सांगितले.

मंगळवारी त्यांच्या लूमच्या खडखडाटात ओरडून सांगितलं, भाई, ते बुश माझ्या पोरीनं काढलेले. ते हसले. म्हणाले, “अवो गुरुसिद्ध, त्ये मला तवाच कळलंतं. पोरीचं त्वांड बघितलंतं की मी. तुमास्नी आत्ता कळलं व्हय?”

मी त्यांना हो म्हणून आलो. एसटीत बसलो तेव्हा वाटलं, निदान तुझ्याशी तरी खोटं बोलू नये, आणि म्हणून हे पत्र. मला आत्ता कळलेलं नाही, बाळ. फक्रुद्दीनभाई बुश बघून गेले त्याच दिवशी संध्याकाळी तू जेवायला बसलीस तेव्हा उजव्या हाताचं पहिलं बोट वर धरून घास घेत होतीस. लेथवर निघणाऱ्या पितळेच्या किसानं कापलेलं बोट मला ओळखू येत नाही होय? मी ते बघितलं, सगळं समजलो, आणि खाली मान घालून भाकरी मोडली. मला तेव्हापासून माहीत होतं. बोल किंवा बोलू नकोस, पण हे तुला माझ्याच हातचं लिहिलेलं मिळायला हवं होतं.

तुझाच,
अप्पा