दाखवण्याचा कार्यक्रम, गाझियाबाद

आर. के. पुरम, नवी दिल्ली
दिवाळीच्या आधीचा रविवार

तीर्थस्वरूप खंडेरावमामा यांस,

यतीनचा नमस्कार. तो वाकून केला आहे असे समजावे. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी पाठवलेले लोणचे पोचले. तेल वाटेत सांडले होते, त्यामुळे कुरिअरवाल्याच्या पिशवीतली बाकीची पाकिटेही आमच्याच नात्यातली वाटत होती. तुमची भाचेसून उत्तरा बरी आहे. तिची सरकारी नोकरी आहे तशी आहे आणि हे क्वार्टरही तिच्याच नावावर आहे. दिल्लीची हवा वाईट आहे. ती दरवर्षी याच सुमारास वाईट असते, म्हणून तिची विचारपूस कोणी करत नाही.

परवा फोनवर तुम्ही एकच विचारलेत: शेजारच्या दामूकाकांच्या प्रणिताला नोकरी लागली का? उत्तर एका शब्दात देता येते. पण त्या शब्दाने तुमचा गैरसमज होईल, म्हणून पत्र लिहितो आहे. प्रणिता परभणीहून इथे आली ती कलेक्टर होण्यासाठी. दोन परीक्षांनंतर तिने तो विचार सोडला. दामूकाकांनी दिल्लीचा विचारच सोडायला सांगितले. तेव्हा तुम्ही मध्ये पडलात. माझा भाचा तिथे नोकऱ्या लावतो, असे तुम्ही त्यांना अंगणात उभे राहून सांगितलेत. (मी नोकऱ्या लावत नाही हे मी तेव्हाच सांगायला हवे होते. तुमच्या आवाजात अभिमान होता, म्हणून राहून गेले.) दामूकाकांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. नोकरी लागली तर राहा, नाहीतर परत ये, स्थळ बघून ठेवले आहे. मुलगा सिंचन खात्यात आहे आणि फोटोत त्याने काळा चष्मा घातला आहे. प्रणिताने तो फोटो मला दाखवला. मग तिने आमच्या गाझियाबादच्या प्रशिक्षण केंद्रात नाव घातले.

माझे काम काय ते आता लिहितो. केंद्रात मुलामुलींना रिसेप्शन, बिलिंग, हॉटेलातली सेवा असे काहीबाही शिकवतात. शिकलेल्यांना कोणीतरी घेतले पाहिजे. ते घेणारे शोधायचे, त्यांच्याशी संबंध जोडायचे, हे माझे काम. त्यासाठी मी गाझियाबादहून गुरुग्रामला जातो. तिथे काचेच्या इमारतीत माझा फोटो काढतात, गळ्यात पाहुण्याचे कार्ड अडकवतात आणि मला एका सोफ्यावर बसवतात. हे सोफे फार खोल असतात. साहेब आल्यावर माणसाला मानाने उठता येत नाही, आधी पुढे सरकावे लागते. साहेब हसून म्हणतो, बिल्कुल यतीनजी, वुई विल कनेक्ट. मी बरीच वर्षे याचा अर्थ होकार असा धरत होतो. मग एकदा मेट्रोत उभा असताना लक्षात आले की हे आपले ‘कळवतो’ आहे. मुलगी पाहून निघालेली मंडळी जिना उतरताना म्हणतात, ते.

तिथेच मला ती कल्पना सुचली. मी त्यांच्याकडे का जातो? मुलीकडचे कधी मुलाकडे पोहे खायला जातात का? तीन कंपन्यांच्या माणसांना केंद्रात बोलवायचे, बसवायचे, खायला घालायचे आणि आमची बॅच दाखवायची. आमच्या केंद्रप्रमुख विजयाबाई (मूळच्या नागपूरच्या, केंद्र सरकारातून निवृत्त, आजही फाइल बांधल्यासारख्या बोलतात) म्हणाल्या, “यतीन, हे लग्न नाही.” मी म्हटले, लग्नात तरी काय वेगळे असते? त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि पोह्यांचा खर्च मंजूर केला.

तयारी मी स्वतः करून घेतली. बॅचला सांगितले, ओळीत बसायचे, नजर खाली, विचारले तर बोलायचे, जास्त बोलायचे नाही, सगळे येते असे दाखवायचे नाही. धावपळ घरच्या मंडळींनी करायची. घरची मंडळी म्हणजे आमचा स्टाफ. रिसेप्शनवरच्या चेतनाने पाहुण्यांना दारातून आणले, कोणाला प्रवासात त्रास झाला ते विचारले, एकीचा फोन चार्जिंगला लावला. हॉटेल-सेवा शिकवणाऱ्या विलास सरांनी पोहे केले, स्वतः वाढले आणि वाढता वाढता केंद्राची माहिती दिली. बॅच भिंतीशी बसली होती. इतकी शालीन बॅच मी आजवर पाहिली नव्हती. एका इस्पितळाकडून आलेल्या अंशुमनने एका मुलाला हॉबी विचारली, तर त्याने उत्तरासाठी माझ्याकडे पाहिले.

एकटी प्रणिता बिघडली. अंशुमनने तिला सहज म्हटले, “आपको कुछ पूछना है?” हे कोणी विचारले की मान हलवून नाही म्हणायचे, असे मी शिकवले होते. तिने नजर वर केली. “जी सर. हाथ में सॅलरी कितनी आएगी? लास्ट शिफ्ट के बाद घर कैसे जाएँगे? और पहले जो लडकी थी, उसने क्यूँ छोडा?” पोह्यांची बशी अंशुमनच्या हातात तशीच राहिली. मी तिच्याकडे डोळे वटारले. तिने मलाच विचारले, “दादा, चुकीचं विचारलं का?” आणि ते मराठीत विचारले, म्हणजे निदान एवढी तरी घरची लाज राखली.

आठवड्याभरात निरोप आले. इस्पितळाने चेतनाला घेतले. हॉटेलने विलास सरांना. तिसऱ्या कंपनीने पोह्यांची कृती मागवली. मामा, हे तुम्हाला मी समजावून सांगण्याची गरज नाही. तुम्ही थोरलीला पाहायला गेला होतात आणि पाणी घेऊन आलेल्या धाकटीला होकार देऊन आलात. (मामींना हे वाचून दाखवू नये. थोरल्या मावशी सध्या तुमच्याकडे असतील तर मुळीच नाही.) मला एवढेच म्हणायचे आहे की त्या घरातल्या, तो कार्यक्रम जमवणाऱ्या माझ्यासारख्या कोणाला तेव्हा काय वाटले असेल, ते मला आता कळते.

विजयाबाई मात्र निवृत्त असल्या तरी सरकारी आहेत. जागा रिकामी झाली की ती भरायची, एवढे त्यांना पक्के ठाऊक. त्यांनी भिंतीशी बसलेली एक मुलगी चेतनाच्या खुर्चीत बसवली आणि एका मुलाला विलास सरांचा वर्ग दिला. पुढच्या कार्यक्रमाला ती दोघे धावपळ करत होती, म्हणून पाहुण्यांनी त्या दोघांना नेले. मग त्यांच्या जागी आणखी दोघे आली. गुरुग्राममध्ये बोलबाला झाला की गाझियाबादच्या एका केंद्राचा स्टाफ उत्तम आहे. आता कंपन्यांची माणसे स्वतःहून येतात आणि पोहे नसतील तर विचारतात. दिवाळीच्या तोंडावर जवळजवळ सारी बॅच कामाला लागली आहे. विजयाबाईंनी याला एक इंग्रजी नाव दिले असून त्या यावर भाषण करणार आहेत.

या सगळ्यात दोनच माणसांना कोणी नेले नाही. एक प्रणिता. तिचे ते तीन प्रश्न ऐकले की कंपन्यांची माणसे पोह्यांकडे वळत. दुसरा मी. माझ्याकडे कोणाचे लक्षच गेले नाही, मी कायम दारात उभा असे. गेल्या सोमवारी विजयाबाईंनी आम्हा दोघांना बोलावले. त्या म्हणाल्या, “हे तीन प्रश्न आपल्या बाजूनं कोणीतरी विचारायला हवे होते. तू इतकी वर्षं काय विचारत होतास, यतीन?” मी खरे ते सांगितले. मी विचारत होतो, सर, पुन्हा कधी येऊ?

तर उत्तर ‘हो’ असे आहे. प्रणिताला नोकरी लागली. दामूकाकांना आजच सांगावे आणि चष्मेवाल्याकडे निरोप पाठवावा. नोकरी कायम आहे, पगार वेळेवर होतो. खुर्ची खिडकीशी आहे. मला ती खुर्ची चांगली माहीत आहे, गेल्या सोमवारपर्यंत ती माझी होती.

तुमच्या गुडघ्याला आराम पडो आणि माझ्यावरची माया आहे तेवढी तरी राहो.

तुमचा,
यतीन

ता. क. तुमच्या मंगल कार्यालयाचा मॅनेजर नोकरी सोडून गेल्याचे दामूकाकांकडून कळले. पूर्वी ती जागा तुम्ही मला देऊ केली होती. तेव्हा मी जे बोललो ते तरुणपणी सगळेच बोलतात. उत्तराला विचारले. ती म्हणाली, लग्नसराई संपली की परत ये, क्वार्टर कुठे जात नाही.

आणखी ता. क. हे पत्र प्रणिताने वाचले. ती म्हणते की उमेदवाराने स्वतः बोलायचे नसते, ते काम तिचे आहे. पुढचे तिचे अक्षर.

खंडेरावकाका, नमस्कार. बाबांना मी फोन केला, ते रडले आणि मग पगार विचारला. यतीनदादा माझे पहिले उमेदवार आहेत आणि तुम्ही माझे पहिले मालक. दादा मनमिळाऊ आहेत. पाहुण्यांना दारातून आणणं, बसवणं आणि ताटकळणं यात त्यांचा अनुभव मोठा आहे. पत्र लांब लिहितात, पण ते कार्यालयात लागणार नाही. आता माझे प्रश्न. हातात पगार किती येईल? रात्रीची वरात निघाल्यावर दादांनी घरी कसं जायचं? आणि आधीचा मॅनेजर का गेला? उत्तर लवकर द्या. ‘कळवतो’ असं लिहू नका, त्याचा अर्थ मला माहीत आहे.