बाकांवरच्या खाचा

१२ जानेवारी १९९९
गुडघे! कॉलेजच्या ग्रंथालयाचा चढ आता होत नाही. ग्रंथपालपदावरून निवृत्तीला दोन महिने उरले, आणि आज कॉलेजचा कारभार पाहणाऱ्या कर्नल मंदण्णांनी नवंच काम गळ्यात घातलं. आवारातलं चॅपल पाडून तिथे सभागृह बांधायचं घाटतंय. शंभर वर्षांहून जुनं ठरलं तरच वाचेल.
"मिस ज्ञानमुत्तू, इथला इतिहास तुमच्याइतका कुणाला ठाऊक? पानभर टिपण द्या. त्यावरच ठरेल."
माझ्याइतका! तेच तर दुखणं.

१३ जानेवारी
ट्रंक उघडली. अप्पांची मोजमापाची वही — अजून कापराचा वास!
जुनं चॅपल १९५३ च्या आगीत गेलं. दगडसुद्धा तडकले होते. अप्पा इथले ओव्हरसियर. पायापासून पुन्हा उभं केलं — एक फोटो आणि स्वतःची आठवण, एवढ्यावर. त्याच कमानी, तोच निमुळता मनोरा. बाकांवरच्या खाचासुद्धा! अठराशे सत्तावन्नच्या बंडानंतर गोरे शिपाई प्रार्थनेलाही बंदुका घेऊन बसत, त्या टेकवायच्या खाचा. १९५४ साली कोण बंदूक आणणार होतं?
मासिलामणी सुतारानं विचारलंच, "सार, आता यात काय छत्र्या ठेवायच्या?"
अप्पा म्हणाले, "होतं तसं करायचं."
मी नऊ वर्षांची, भुशाच्या ढिगावर बसून वर्की बिस्किट खात होते. पुढच्याच आठवड्यात मासिलामणी चॅपलच्या नव्या छपरावरून पडला. पाय अधू झाला तो झालाच.
आग आठवणारे आता दोघंच — तो आणि मी.

१५ जानेवारी
धुकं. सांधे. एक ओळ लिहिली नाही.

१८ जानेवारी
कर्नलसाहेबांबरोबर चॅपलमध्ये गेले. त्यांनी खाचेतून बोट फिरवलं. "याहून मोठा पुरावा काय हवा, मॅडम!"
मी नुसती खोकले.
"नक्की जुनंच ना? तुमचा शब्द म्हणजे आमच्यासाठी शिक्का."
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट खोटं बोलणारीला भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या. आज पंचावन्नाव्या वर्षी मी आपणहून भिंतीकडे वळले. अप्पांची भिंत. गिलाव्याला हात लावला. थंडगार!

२० जानेवारी
टिपण दिलं. 'सन १८७२. बांधणारे — मेजर हॉलिस.' आगीचा उल्लेख नाही. अप्पांचाही नाही. वही ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप.
रविवारी फादरांपुढे काय सांगू? चोरी केली म्हणून? कुणाची — तर माझ्याच बापाची!
फार थकले.

२७ फेब्रुवारी
चॅपल वाचलं! कर्नलसाहेबांनी मिठाईचा डबा पाठवला. तसाच पडून आहे.

६ मार्च
दाराशी संगमरवरी पाटी बसली. मासिलामणी काठी टेकत चढ चढून आला. इंग्रजी येत नाही, म्हणून पाटी माझ्याकडून वाचून घेतली.
"पाप्पा, हा हॉलिस कोण?" पाप्पा म्हणजे छोटी पोर; त्याच्या लेखी मी अजून नऊ वर्षांचीच.
"ज्यानं हे बांधलं तो."
तो पायरीवर बसला. बराच वेळ गुडघा चोळत राहिला.
"मग मी कुणाच्या छपरावरून पडलो गं?"