ओट्यावरची हळद

१४ जुलै २००९

दुपारी ओटा पुसताना एकदम शैला आठवली. माझी धाकटी जाऊ. सासूबाई निजल्या की आम्ही दोघी काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर चढून बसायचो — पाय खाली सोडून, बशीतला चहा फुंकत. माझी वेडीवाकडी भाकरी बघून ती म्हणायची, "बाय, तुमचे इंग्लिश शालंत भाकर थापाला न्हाय शिकवली?"

एवढंच. किती वर्षं झाली!

गेल्या दिवाळीआधी माझ्या मुलाने, कुणालने, स्वयंपाकघर नवीन केलं. तो कडप्पा शैलाचे यजमान केसरीनाथ भावोजी टेम्पोत घालून वज्रेश्वरीजवळ अकलोलीला, त्यांच्या घरी घेऊन गेले. शैलाने हट्टच धरला होता. इथे आला पांढराशुभ्र क्वार्ट्झ, आणि सोबत एक इंग्रजी कागद. रुचिकाने, माझ्या सुनेने, कौतुकाने माझ्याच हातात दिला — आई, तुम्हीच वाचा. वाचला. सांडलं की लगेच पुसा. मऊ फडकं, साधा साबण. ॲसिड नको, तारेची घासणी नको. तापलेलं भांडं थेट ठेवू नका. तेव्हापासून ओटा माझ्याकडे.

१७ जुलै

आमटीचा ओघळ. दिसला तेव्हा सुकला होता. खायचा सोडा, ओलं फडकं, हळूहळू. निघाला. खांदा अजून दुखतोय.

२१ जुलै

शैलाचा फोन. श्रावणात राहायलाच ये म्हणते. कुंडाच्या गरम पाण्यात गुडघे शेकू. मी म्हटलं, रुचिका नोकरीवर जाते, मागे ओटा कोण बघणार? हसत सुटली. "दगूड काय पलून चाललाय का, बाय?"

मला हसू आलं नाही. फार दमले आहे.

२८ जुलै

शिळासप्तमी. रांधून कालच ठेवलं होतं. आज गॅस बंद. शेगडीला हळदकुंकू वाहिलं आणि हळदीची पाच बोटं ओट्यावर ओढली, दरवर्षी ओढते तशी. सासूबाई सांगायच्या, आज चुलीला विसावा, उद्यापर्यंत तिथे फडकं लावायचं नाही. मग आम्ही दोघीही दिवसभर मोकळ्या!

ओली हळद, पांढरा दगड. बघत उभी राहिले. मग पुसली. कोणी सांगितलं नव्हतं, घरात कोणी नव्हतंच. साबणाने पुसली, पाण्याने पुसली, कोरडं केलं. कागदात आहे अगदी तसं.

संध्याकाळी रुचिका आली. थंड पुऱ्या वाढून घेतल्या, ओट्याकडे बघितलं.

"आई, यंदा पूजा नाही केलीत? मला ती बोटं बघायला आवडतात."

केली होती, म्हटलं.

२९ जुलै

आज ओटा पुसला नाही.

३० जुलै

मऊ फडकी, सोड्याचा डबा आणि तो कागद रुचिकाला. मागच्या बाजूला मराठीत लिहून ठेवलं आहे. एखादा डाग राहिला तर राहू दे, हेही लिहिलं आहे.

लाडवाचा पितळी डबा कुणालला. रिकामा नाही.

भाकरीची परात मी नेते. वज्रेश्वरीची सकाळची बस. परत कधी, ते मलाही माहीत नाही.

हळदकुंकवाचा करंडा शैलाला. कडप्पा तिच्याकडेच आहे.