पळसाच्या पानांचे द्रोण

माय, त्या दिवशी तू जंगलात पळसाची पानं तोडायला मागं थांबली होतीस, की बांबूचे वास्ते काढायला वाकली होतीस? आठ वर्षं झाली, याचं उत्तर मला देता येत नाही.

पोळ्याच्या सुट्टीत मी चंद्रपूरहून घरी आले होते. आपल्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि तेव्हा मला सगळंच बदलायचं होतं. मागच्या भिंतीशी तुझी रोपं ओळीनं उभी होती: मिरची, वांगी, टमाटर, दुधाच्या पिशव्यांत, तेलाच्या पाकिटांत, कापलेल्या बाटल्यांत. तू चुलीत खिळा तापवून बाटलीच्या बुडाला भोक पाडते आहेस, जळक्या प्लास्टिकचा वास सुटला आहे, आणि मी नाक दाबून म्हणते, "हे विष आहे, माय." तू हसतेस. "फुकट भेटते, धुतलं का झालं. तुह्या कॉलेजात माती बी विकत भेटते का वो?" मग मी तुला पळसाच्या पानाचा द्रोण टाचून दाखवला. रोप द्रोणासकट जमिनीत लावायचं, पान कुजून जातं, मूळ दुखावत नाही. तू तो हातात फिरवून पाहिलास आणि शेजारच्या काकूला ओरडून सांगितलंस, "पाय वो, माही पोट्टी आता मायले शिकवून राह्यली!" त्या कौतुकानं मी आणखीच चढले. म्हटलं, पुढच्या वेळी येईन तेव्हा सगळी रोपं पानांत दिसली पाहिजेत, एकही पिशवी नको.

मी चंद्रपूरला परतले आणि त्याच आठवड्यात मला बोलावणं आलं. बायका म्हणाल्या, सगळ्या मिळून वास्त्यांसाठी, बांबूच्या कोवळ्या कोंबांसाठी गेलो होतो, ती मागं राहिली, वाघानं नेली. वाघ वाकलेल्या माणसावर येतो, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पंचनाम्यात जंगलात जाण्याचं कारण म्हणून वास्ते लिहिले गेले. पण कुणीतरी आणून ठेवलेली तुझी टोपली मी पाहिली. तिच्यात कोंब होते आणि पळसाची पानंही होती, देठ एका बाजूला करून नीट रचलेली. बाबा अंगणात माणसांत बसला होता. मी ती पानं चुलीत घातली.

आता मी राजुऱ्याजवळच्या एका शाळेत शिकवते, भाड्याच्या खोलीत एकटी राहते. खिडकीत दुधाच्या पिशव्यांमध्ये मिरची उगवली आहे. शाळेतून आल्यावर बोलायला तेवढीच. यंदा परसबागेसाठी मी मुलींना घरून रिकामे डबे, पिशव्या आणायला सांगितलं, तर सातवीतली एक पोरगी उठली. "मॅडम, प्लास्टिक काऊन? माही माय जंगलात जातेच, पानं आणून देईन." मी "नाई!" म्हणून इतक्या जोरात ओरडले की ती घाबरून खाली बसली. तिला काहीतरी कारण द्यायला हवं होतं, आणि जे होतं ते मी आपल्या घरातही कधी बोलले नव्हते.

रविवारी गावी गेले. बाबा दारात दोर वळत बसला होता. त्याला सगळं सांगितलं, पानं जाळल्याचंही. तो दोर वळतच राहिला. पीळ आवळत म्हणाला, "किती पानं पायजे होती तुले?"

"वीस-पंचवीस."

"तेवढी तं आपल्या बांधावरच होती."

त्यानं मला सोडवलं की दोष दिला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. सोमवारी मात्र त्या पोरीच्या शेजारी बाकावर बसून मी तिला खरं कारण सांगून टाकलं.