आरमाराला माझी गरज आहे

कुरे, ३ मार्च १९५३
जपान लढाई हरून आठ वर्षं होत आली, पण आज पुन्हा ताठ मानेनं बंदरावर गेलो. सैन्य ठेवायचं नाही, हे घटनेतलं कलम गेल्या वर्षी रद्द झालं. आरमार पुन्हा उभं राहतंय, सक्तीची भरतीही सुरू झाली. जुन्या अधिकाऱ्यांना बोलावणं येणार हे उघड आहे. मी लेफ्टनंट होतो. कोठारावर होतो, हे खरं. पण तांदूळ वेळेवर पोचला नाही तर तोफा काय उपाशीपोटी डागणार?
संकल्प : रोज जोर काढणे. आज काढले. कंबर धरली.

५ मार्च
गणवेश ट्रंकेत नाही. बायको तोमिए म्हणाली, "सेहेचाळीसच्या थंडीत त्याची आपल्या काझुहिकोला पँट शिवली. तीही फाटली." बायकांना इतिहासाची जाण नसते.

९ मार्च
होसाका न्हाव्याकडे. म्हणाला, "सेकिने-सान, पोरांना कोरियाच्या किनाऱ्यावर धाडताहेत म्हणे. तुमचा मुलगा विशीतला ना?" म्हटलं, "पोरांचं काय घेऊन बसलात? आधी अनुभवी माणसं लागतात." त्यानं माझी हनुवटी वर केली. वस्तरा गळ्यावर होता, म्हणून मी ताणलं नाही.

१४ मार्च
तोमिए आणि काझुहिको यांची स्वयंपाकघरात कुजबुज. मी गेलो की गप्प. तोमिएचे डोळे लाल. माझ्या निरोपाची तयारी असावी. कळलं असं दाखवलं नाही.

१७ मार्च, दुपार
आले! भरती कार्यालयाचे ओबाता नावाचे गृहस्थ. तोमिए मासळीबाजारात. घरच्यांची चौकशी करू लागले. मी लगेच ओळखलं : मोठ्या जागेवर नेमण्याआधी घराणं तपासतात. चहा दिला.
त्यांनी विचारलं, "चिरंजीवांना डाव्या कानानं ऐकू येत नाही म्हणे? बॉम्ब पडले तेव्हापासून?"
मला हसूच आलं. आमच्या घराण्यात बहिरेपणा! म्हटलं, "कोणी उठवलं हे? तोफूवाल्याचा भोंगा पलीकडच्या गल्लीत वाजला की हा भांडं घेऊन धावतो. ससा आहे, ससा!" पोहतो किती छान, तेही सांगितलं.
"फार मदत झाली," म्हणाले. जाताना पार कमरेतून वाकले. एवढं कोणी उगाच वाकत नाही.

२१ मार्च
तोमिएला सांगितलं. राहवेना. तिच्या हातातला मुळा खाली पडला. "काय काय बोललात?" पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. सशापर्यंत आलो तेव्हा ती खाली बसली. डॉक्टरचे पाय धरून तिनं बहिरेपणाचा दाखला मिळवला होता म्हणे.
मग मला का नाही सांगितलं?
"तुम्हाला सांगायचं म्हणजे बंदरावर दवंडी पिटायची."
हे अति झालं. तरी मी धीर दिला : एकदा नेमणूक होऊ दे, पोराला माझ्याच कोठारावर घेतो. काझुहिको दारात उभा होता. म्हणाला, "बाबा, आता पुरे."

२३ मार्च
भरती कार्यालयात गेलो. पोराला खरंच ऐकू येत नाही, असं ठासून सांगितलं. ओबाता म्हणाले, "सगळे वडील नंतर हेच सांगतात." मग माझ्या नेमणुकीचं विचारलं.
"कसली नेमणूक?"
वय विचारलं. सांगितलं. शेजारच्या कारकुनानं तोंड फिरवलं. खोकला असावा.

२ एप्रिल
काझुहिको सकाळच्या गाडीनं गेला. आधी सासेबोची छावणी, मग कोरिया. फलाटावर झेंडे, बँड. मी कडक सॅल्यूट ठोकला. त्यानं आईचे दोन्ही हात धरले होते, त्यामुळे परत करता आला नाही. गाडी हलल्यावर ओबाता भेटले, सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्यासारखे वडील हवेत." तोमिए शेजारीच होती.
घरी आलो. तिनं भात वाढला. एकच वाटी, स्वतःला घेतला नाही. म्हटलं, "उद्याच मंत्र्यांना अर्ज करतो. जुन्या ओळखी काढतो. वर्तमानपत्रात—"
ती म्हणाली, "अहो, तुम्ही आता काही करू नका. एवढं जमेल?"
जमेल म्हणालो.
संकल्प : काही न करणे.