कोणाचे जंतू

१० सप्टें. २००३
माय चार दिवसांपासून ताप अंगावर काढून राह्यली. लघवीला जळजळ. गोळी म्हणलं की तोंड फिरवते. धन्याचं पाणी झालं, ओव्याचा काढा झाला. आज दुपारी बरळायला लागली, मला ओळखलंच न्हाई. जल्दी जीप करून मंठ्याहून जालन्याला आणलं. शाळेत रजेचं कळवलं बी न्हाई.

१२ सप्टें.
सलाईन, इंजेक्शनं. ताप हटेना. डॉ. म्हणाले, जंतू रक्तात गेलेत.

१४ सप्टें.
लघवीचा रिपोर्ट आला. नेहमीची औषधं त्या जंतूंवर चालतच न्हाईत म्हणे. डॉ. : "आजींना आधी अँटिबायोटिक किती दिल्या?" एक बी न्हाई! डोकेदुखीची गोळी गिळली न्हाई बाईनं जन्मात. त्यांना पटेना. मंग माझंच डोकं फिरलं. बायकोला विचारलं, तू चोरून दिल्या काय? सुमन भडकली, "तुमच्या मायच्या तोंडात गोळी घालायची कोणाची हिम्मत?" बराबर हाये.
आता मोठं इंजेक्शन. "याच्यापुढं माझ्याकडं काही नाही," डॉ. म्हणाले. देवा रे.

१७ सप्टें.
ताप उतरला! मायनं चहा मागितला. वॉर्डाबाहेर येऊन रडलो.
डॉ. नी समजावलं. औषधाची सवय माणसाला न्हाई, जंतूला लागते. कोणी औषध अर्धवट सोडतं, वाचलेले जंतू दुसऱ्याकडं जातात. घरातून, बाजारातून, दवाखान्यातून बी. समजलं बी अन् न्हाई बी. गोळ्या खाल्ल्या कोणी, भोगलं मायनं? हा कुठला न्याय?
माय मधेच, "मंग माझ्या अंगात कोणाचे आले?"
डॉ. नी माझ्याकडं बघितलं. मी सलाईनकडं.

२९ सप्टें.
घरी. माय ओसरीत लसूण सोलून राह्यली. परत होऊ शकतं, लक्ष ठेवा म्हणालेत. उठता-बसता तिच्या कपाळाला हात लावतो. वैतागली.

३ ऑक्टो.
घसा पार बसला. उद्या शाळेत पोरांची तोंडी परीक्षा घ्यायची. सवयीनं सुमनला म्हणलं, मेडिकलातून नेहमीच्या अँटिबायोटिकच्या दोन कॅप्सूल आण. दोनात घसा मोकळा होतो, तिसरी कोण घेतं? तिनं आणल्या. पाण्याचा तांब्या बी ठेवला.
माय लसूण सोलायची थांबली.
"अन् तुझे कोणाला जातील रे?"
कॅप्सूल अजून मुठीतच. घामानं चिकट झाल्यात.